डोक्याला जागा किती?

हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड, गाडी धुण्याचा शांपू असा माल तयार करून विकणारे छोटे कारखानदार तालुक्याच्या गावीसुद्धा भेटतात. त्यांचा मुख्य कच्चा माल निळ्या ड्रममधून येतो. नाव सोडियम लॉरिल ईथर सल्फेट. धंद्यात सगळे एसएलईएसच म्हणतात. ही एक चिकट, फिकट पेस्ट असते. तिच्यात सत्तर टक्के साबणी पदार्थ आणि बाकी बहुतेक पाणी. नवशिका माणूस पेस्ट टाकीत घेतो आणि वरून पाणी सोडतो. पाणी घातलं की पातळ होणार, असा त्याचा साधा हिशेब असतो. होतं उलटं. पेस्ट आणखी घट्ट होते, तिचे पारदर्शक गोळे बनतात, ते ढवळणीच्या पात्याला चिकटून फिरत राहतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही टाकीच्या तळाशी तसेच सापडतात. जाणकार म्हणून क्रम बदलतात: टाकीत आधी पाणी, मग त्यात पेस्ट थोडी थोडी करून. हाच माल बाजारात आणखी एका रूपात मिळतो, अठ्ठावीस टक्क्यांचा, सहज ओतता येणारा. सत्तर टक्क्यांचा मिळतो, अठ्ठावीसचा मिळतो; पन्नास टक्क्यांचा मात्र कुणी ठेवत नाही.

पाणी वाढवल्यावर घट्ट होण्याचा हा उफराटा प्रकार समजून घ्यायचा तर रेणूच्या बांधणीपर्यंत जावं लागतं. साबण, डिटर्जंट, शांपू यांतल्या मुख्य पदार्थांना पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतात. त्यांच्या रेणूला पाण्यात रमणारं एक डोकं असतं आणि तेलाच्या जातीची, कार्बन-हायड्रोजनची एक लांब शेपटी असते. एवढं शाळेच्या पुस्तकात असतं. तिथली आकृतीही सगळ्यांनी काढलेली असते: मधोमध शेपट्या, बाहेर डोकी, आणि खाली नाव लिहिलेलं, मायसेल. पण त्या गोळ्यात रेणू साठच का, सहाशे का नाहीत? गोळाच का, दांडा किंवा पापुद्रा का नाही? आकृती पूर्ण केल्याचे गुण मिळतात आणि हे प्रश्न तिथेच राहून जातात.

आधी हे रेणू एकत्र येतात कशासाठी ते पाहू. तेल आणि पाणी यांचं वैर आहे असं आपण बोलून जातो, पण शेपट्यांना एकमेकींची फार ओढ असते असं नाही. सगळा खेळ पाण्याचा आहे. पाण्याचे रेणू शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी धरलेले असतात आणि हे बंध सतत तुटत-जुळत असतात. प्रत्येक रेणूला कुठल्याही बाजूला वळायची मुभा असते. मध्ये एखादी शेपटी आली की तिच्या कडेचे पाण्याचे रेणू अडचणीत येतात. शेपटीशी बंध जुळत नाही, म्हणून आहेत ते बंध टिकवायला त्यांना ठरावीक पद्धतीनेच उभं राहावं लागतं. शेपट्या एका जागी गोळा झाल्या की पाण्याला लागलेली त्यांची कड कमी होते आणि अडकलेले रेणू मोकळे होतात. खोलीच्या तापमानाला मायसेल बनतो तो मुख्यतः या मोकळेपणामुळे. शास्त्रज्ञ याला एन्ट्रॉपीची वाढ म्हणतात.

दुसऱ्या बाजूने डोकी ओढ लावतात. साबणाच्या किंवा लॉरिल सल्फेटच्या डोक्यावर ऋण विद्युतभार असतो. अशी डोकी शेजारी-शेजारी आली की एकमेकांना दूर लोटतात, शिवाय प्रत्येकाला आपल्याभोवती पाणी हवं असतं. शेपट्या दाटीवाटीने बसू पाहतात, डोकी अंतर ठेवू पाहतात, आणि या ओढाताणीतून पुंजक्याचा आकार ठरतो. पुंजका बनायला सुरुवात कधी होणार, हा मात्र वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर प्रामुख्याने शेपटीकडे असतं.

सोडियम अल्किल सल्फेटचं कुटुंब घ्या. डोकं तेच, फक्त शेपटी वाढवत जायची. शेपटीत आठ कार्बन असले तर लिटरभर पाण्यात साधारण ३० ग्रॅम विरघळेपर्यंत रेणू सुटे-सुटे राहतात, मायसेल दिसत नाही. दहा कार्बनांना हा उंबरठा साडेआठ ग्रॅमच्या आसपास येतो, बारा कार्बनांना २.४ ग्रॅमवर आणि चौदा कार्बनांना ०.७ ग्रॅमच्याही खाली. दर दोन कार्बनांमागे जवळजवळ चतुर्थांश. लांब शेपटी पाण्याला जास्त अडचणीची, म्हणून ती लवकर बाहेर ढकलली जाते. उंबरठा ओलांडल्यावर नव्याने घातलेले रेणू जवळजवळ सगळे मायसेलांत जातात आणि सुट्या रेणूंची संख्या फारशी वाढत नाही. पृष्ठताण उतरत जातो तोही इथेच थांबतो. कपड्यावरचा तेलकट मळ पोटात घेऊन पाण्यात तरंगत ठेवायला मायसेल लागतात, त्यामुळे उंबरठ्याच्या खाली डिटर्जंट घातलं तर धुणं अर्धवट होतं.

आता डोकं बदलू. बारा कार्बनांची शेपटी तशीच ठेवायची आणि विद्युतभाराच्या डोक्याऐवजी इथिलीन ऑक्साइडच्या आठ घटकांची साखळी लावायची. हे डोकं आकाराने मोठं, पण त्यावर भार नाही, त्यामुळे शेजाऱ्याशी भांडण कमी. उंबरठा लिटरला सुमारे ०.०५ ग्रॅमवर येतो. शेपटी एकच, आणि केवळ डोक्याच्या फरकामुळे प्रमाण पन्नासएक पट उतरलं.

असे पुंजके साबणाच्या पाण्यात असतात हे म्हणायचं धाडस ज्यांनी केलं त्यांचा पुण्याशी संबंध आहे. जेम्स विल्यम मॅक्बेन यांचा जन्म १८८२ चा, कॅनडातला. शिकवायला ते इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात होते. साबणाच्या द्रावणाची मोजमापं घेताना त्यांच्यासमोर एक विसंगती आली. किती कण विरघळले आहेत यावर अवलंबून असणारे जे गुणधर्म, बाष्पदाब वगैरे, त्यांवरून कण फारच थोडे दिसत होते, म्हणजे रेणू गोळा झालेले असणार. पण विजेचं वहन पाहिलं तर द्रावण चांगलंच वाहक! रेणू गोळा झाले तर आयन कमी होतील, वहन घटेल, ही त्या काळची समजूत. मॅक्बेननी १९१३ मध्ये सुचवलं की गोळा होणारे रेणू आपला विद्युतभार सोडत नाहीत. अख्खा पुंजकाच एक मोठा आयन म्हणून पाण्यातून सरकतो. हिशेब करून पाहिला तर यात अशक्य काही नाही. दहा आयन एका गोळ्यात आले तर भार दहापट झाला, पण गोळ्याची त्रिज्या, आणि तिच्याबरोबर पाण्याचा अडसर, जेमतेम दुप्पट. असा गोळा सुट्या आयनापेक्षा जोरात धावायला हवा. प्रत्यक्षात विरुद्ध भाराचे काही आयन त्याला चिकटतात आणि वेग आवरतात, तरी मूळ मुद्दा टिकतो. लंडनच्या एका सभेत त्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा अध्यक्षस्थानी बसलेल्या विद्वानांनी ‘निव्वळ मूर्खपणा’ म्हणून ती झटकून टाकली, अशी गोष्ट या विषयाच्या पुस्तकांतून सांगितली जाते.

ब्रिस्टलला मॅक्बेन ज्या अध्यासनावर बसले ते लेव्हरह्यूम यांच्या नावाचं, म्हणजे साबणातून कमावलेल्या पैशाचं. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, आणि तिथून निवृत्त झाल्यावर पुण्यात पाषाणला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले संचालक हेच. ३ जानेवारी १९५० ला पंडित नेहरूंच्या हस्ते प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. मॅक्बेन १९५२ पर्यंत इथे होते आणि पुढच्याच वर्षी वारले. (त्यांच्या जागी आलेले जॉर्ज फिंच १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत ऑक्सिजनची नळकांडी पाठीवर घेऊन चढलेले गिर्यारोहक. एनसीएलला सुरुवातीचे संचालक मोठे नामी लाभले म्हणायचे.) मायसेलच्या आकाराबद्दल मात्र मॅक्बेन यांचं मत पुरतं टिकलं नाही. लहान गोल पुंजक्यांबरोबर पापुद्र्यांचे थरही असतात असं ते मानत. पातळ द्रावणात गोलच असतात हे इंग्लंडच्या हार्टली यांनी १९३६ मध्ये पटवून दिलं. तरी पापुद्र्यांची कल्पना अगदीच चुकीची नव्हती. दाट द्रावणात ते खरोखर सापडतात.

गोल की पापुद्रा, हे ठरवणारा सुटसुटीत नियम यायला १९७६ उजाडलं. इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी तीनच राशी घेतल्या: शेपटीचं आकारमान, शेपटीची ताणलेली लांबी आणि डोक्याला पृष्ठभागावर लागणारी जागा. आकारमानाला लांबीने भागा, आलेल्या उत्तराला डोक्याच्या जागेने भागा. उत्तर एक तृतीयांशाच्या आत असेल तर गोळा, एक तृतीयांश ते अर्ध्याच्या दरम्यान असेल तर लांब दांडा, त्याहून जास्त असेल तर दुहेरी पापुद्रा, आणि एकाच्याही वर गेलं तर सगळं उलटं, म्हणजे डोकी आत आणि शेपट्या बाहेर. दगडी बांधकामात गवंडी हाच विचार करतो. चारी बाजूंनी निमुळते घडवलेले दगड घुमटाला लागतात, दोनच बाजूंनी निमुळते असलेले विहिरीच्या गोल कठड्याला, आणि सरळ काटकोनी दगडांची भिंत उभी राहते. रेणूंच्या बाबतीत घडवणारा कुणी नसतो एवढंच.

सोडियम लॉरिल सल्फेटसाठी हा हिशेब हाताने करता येतो. बारा कार्बनांच्या शेपटीचं आकारमान साधारण ०.३५ घन नॅनोमीटर, ताणलेली लांबी १.६७ नॅनोमीटर. भागाकार ०.२१ चौरस नॅनोमीटर. डोक्याला जागा लागते सुमारे ०.६२ चौरस नॅनोमीटर. पुन्हा भागलं की ०.३४ येतं, गोळ्याच्या सीमारेषेवर. गोळ्याच्या मधोमध पोकळी राहू शकत नाही, म्हणून त्याची त्रिज्या शेपटीच्या लांबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. १.६७ नॅनोमीटर त्रिज्येच्या गोलाचं आकारमान साडेएकोणीस घन नॅनोमीटर, त्याला ०.३५ ने भागा, रेणू बसतात छप्पन्न. प्रयोगातून मिळणारा आकडा साठीच्या आसपासचा. कागद-पेन्सिलीचा हिशेब प्रयोगाच्या इतका जवळ जावा हे मला अजूनही नवलाचं वाटतं, कारण खरा मायसेल स्थिर गोळा नसतोच. त्यातला एकेक रेणू काही मायक्रोसेकंदांत निसटतो, दुसरा त्याची जागा घेतो, आणि अख्खा मायसेलही फार तर काही सेकंद टिकून विस्कटतो. साठ हा आकडा म्हणजे सतत उतरणाऱ्या-चढणाऱ्या गर्दीची सरासरी.

या हिशेबातली खरी गंमत त्या ०.२१ मध्ये आहे. शेपटी लांब केली की आकारमानही वाढतं आणि लांबीही, जवळजवळ सारख्याच प्रमाणात. आठ कार्बन असोत की सोळा, भागाकार ०.२१ च्या आसपासच राहतो. म्हणजे एका शेपटीच्या रेणूंत मायसेल कधी बनणार आणि केवढा बनणार हे मुख्यतः शेपटीची लांबी ठरवते. आकार कोणता हे बहुतांशी डोक्यावर सोडलेलं असतं. आणि डोक्याला लागणारी जागा रेणूच्या रचनासूत्रात लिहिलेली नसते. विद्युतभाराच्या डोक्यांना ०.६२ चौरस नॅनोमीटर लागतात ते त्यांच्या अंगापेक्षा त्यांच्या भांडणामुळे. भांडण मिटवलं तर जागा आक्रसते, आणि ते मिटवायला चिमूटभर मीठ पुरतं.

लिटरला साधारण सहा ग्रॅम मीठ घातलं की लॉरिल सल्फेटचा उंबरठा पाच-सहापट खाली येतो, कारण मिठातले धन सोडियम आयन डोक्यांमध्ये शिरून त्यांची लोटालोट कमी करतात. हँडवॉशचा घट्टपणा याच कारणाने मिठाने येतो. एसएलईएसच्या पातळ द्रावणात मीठ विरघळवत गेलं की आधी फारसं काही होत नाही. मग डोक्याची जागा आक्रसून तो भागाकार एक तृतीयांशाच्या वर सरकतो, गोळ्यांचे दांडे होतात, दांडे लांबतात, वळवळत एकमेकांत अडकतात आणि द्रावण मधासारखं संथ होतं. दांड्याची जाडी चार-पाच नॅनोमीटर, लांबी मात्र त्याच्या शेकडो पट. शांपूची किंवा हँडवॉशची पारदर्शक बाटली हातात धरून झटक्याने गोल फिरवा आणि एकदम थांबवा. आत अडकलेले हवेचे बुडबुडे थांबायच्या आधी किंचित मागे येतात. ताणलेल्या, गुंतलेल्या दांड्यांची ही लवचिकता आहे; नुसता साखरेचा पाक कितीही घट्ट केला तरी त्यातले बुडबुडे असे मागे फिरत नाहीत.

हात सैल सोडून मीठ टाकत गेलं की पुढचा धडा मिळतो. एका हद्दीपलीकडे द्रावण पुन्हा पातळ होतं. तिथे दांड्यांना फांद्या फुटू लागतात, आणि फांदीचा सांधा दांड्यावरून सरकू शकत असल्यामुळे गुंता असूनही अडकणं संपतं. अशी फसलेली बॅच आणखी मीठ घालून दुरुस्त होत नाही. तिच्यात पाणी आणि थोडा ताजा एसएलईएस घालून मिठाचं प्रमाणच खाली आणावं लागतं. बरेच जण आधीपासून थोडं कोको बीटेन वापरतात. त्याच्या डोक्यावर धन आणि ऋण असे दोन्ही भार असतात, ते ऋण डोक्यांच्या मधे जाऊन बसतं, आणि मीठ कमी लागतं. धंद्यातली माणसं हे सगळं अंदाजाने आणि अनुभवाने नीट करतात. त्या अनुभवाला भागाकाराची गरज कधी पडलेली नाही.

डोकं आक्रसायच्या ऐवजी शेपट्या वाढवल्या तर? एकाच डोक्याला दोन शेपट्या जोडा. लांबी तीच, आकारमान दुप्पट, भागाकार ०.३४ चा ०.६८ होतो आणि घुमट बांधणारा रेणू भिंत बांधू लागतो. आपल्या प्रत्येक पेशीभोवतीचं आवरण अशा दोन शेपट्यांच्या फॉस्फोलिपिड रेणूंचं असतं. एक शेपटी कमी असती तर पापुद्रा उभा राहिला नसता, नुसते गोळे तरंगत राहिले असते. दोन शेपट्यांचा दुसरा परिणाम उंबरठ्यावर होतो: तो इतका खाली जातो की सुटे रेणू पाण्यात जवळजवळ उरतच नाहीत. पेशीचं आवरण भोवतीच्या पाण्यात विरघळून जात नाही ते त्यामुळे.

दोन शेपट्या आणि दोन डोकी अशीही एक रचना आहे. दोन साधे रेणू डोक्यापाशी लहानशा दुव्याने बांधायचे. अशा रेणूंना १९९१ मध्ये फ्रेडरिक मेंगर यांनी जेमिनी हे नाव दिलं. बारा कार्बनांचा, धन डोक्याचा साधा रेणू लिटरला साडेचार ग्रॅमच्या पुढे मायसेल बनवतो. तसेच दोन रेणू दोन कार्बनांच्या दुव्याने बांधले की अर्ध्या ग्रॅमवरच मायसेल बनतात. आणि दुवा इतका आखूड असल्यामुळे डोक्यांना मनाजोगं अंतर ठेवता येत नाही, त्यामुळे मीठ न घालताच लांब दांडे तयार होतात. दुवा लांब आणि लवचिक केला की पुन्हा गोळे. अणू जवळजवळ तेवढेच, बांधणी बदलली की वागणं बदललं.

इथवर पाणी भरपूर आणि रेणू थोडे, असं चित्र होतं. रेणू वाढवत गेलं की मायसेल एकमेकांना खेटू लागतात आणि एकट्या पुंजक्याचा आकार पुरत नाही. सगळ्यांना मिळून जागेत बसावं लागतं. लॉरिल सल्फेटसारख्या रेणूच्या बाबतीत क्रम साधारण असा: तीसएक टक्क्यांपर्यंत सुटे मायसेल, द्रावण वाहतं. पुढे सगळे मायसेल लांब दांडे होऊन समांतर रचले जातात, प्रत्येक दांड्याभोवती सहा दांडे, षट्कोनी मांडणीत. त्याहून दाट केलं की डोक्यांच्या वाट्याला पाणी आणखी कमी येतं, डोकी आक्रसतात आणि दांड्यांचे पापुद्रे होतात: एकावर एक थर, मधे पाण्याचे पातळ थर. यातली षट्कोनी अवस्था सगळ्यांत ताठ. रचलेल्या दांड्यांना वाहायला दिशाच उरत नाही. थरांची अवस्था तिच्याहून दाट असूनही मऊ असते, कारण पापुद्रे एकमेकांवरून घसरू शकतात.

सत्तर टक्क्यांची एसएलईएस पेस्ट थरांच्या अवस्थेत असते, अठ्ठावीस टक्क्यांचा माल सुट्या मायसेलांच्या. दोन्ही पंपाने ओढता येतात. त्यांच्या मधे षट्कोनी अवस्थेचा पट्टा पसरला आहे, आणि पेस्टवर पाणी ओतणारा माणूस आख्खी टाकी त्या पट्ट्यातून नेऊ पाहतो. गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला पाणी लागतं, तिथे ताठ साल तयार होते, आणि ती साल आतल्या पेस्टपर्यंत पाणी जाऊ देत नाही. भरपूर पाण्यात थोडी पेस्ट टाकली तर प्रत्येक कण हा पट्टा झटकन ओलांडून पलीकडे जातो. युरोपातले साबण उकळणारे कारागीर हे सगळं फार पूर्वीपासून जाणून होते. त्यांच्या बोलीत थरांच्या अवस्थेला ‘नीट सोप’ नाव होतं आणि षट्कोनी अवस्थेला ‘मिडल सोप’. कढईतला साबण मिडलमध्ये गेला की ढवळता येत नसे, नळातून काढता येत नसे, म्हणून मिठाच्या पाण्याने त्याला त्या पट्ट्याच्या बाहेर ठेवण्यात त्यांचं सगळं कसब. मॅक्बेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात या अवस्थांचे नकाशे आखले: आडव्या अक्षावर साबणाचं प्रमाण, उभ्या अक्षावर तापमान. ओळखायची सोपी खूण प्रकाशाची. ध्रुवित प्रकाशाच्या दोन आडव्या-उभ्या पट्ट्यांमध्ये नमुना धरला की सुट्या मायसेलांचं द्रावण काळं दिसतं आणि षट्कोनी किंवा थरांची अवस्था रंगीत नक्षीने उजळते.

उभ्या अक्षावरच्या तापमानात सगळे पृष्ठसक्रिय पदार्थ एका बाजूचे नाहीत. विद्युतभाराच्या डोक्यांना थंडी बाधते. ठरावीक तापमानाच्या खाली हे रेणू मायसेल बनवण्याऐवजी स्फटिक होऊन तळाशी बसतात. या तापमानाला क्राफ्ट तापमान म्हणतात, जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश क्राफ्ट यांच्या नावावरून. सोडियम स्टिअरेटचं क्राफ्ट तापमान सत्तर अंशांच्या आसपास, पामिटेटचं साठच्या. सरळ, लांब शेपट्या स्फटिकात सहज बसतात, म्हणून त्यांना सोडवायला गरम पाणी लागतं. ओलिएटच्या शेपटीत मधोमध दुहेरी बंधाची एक वाकण असते. तेवढ्याने स्फटिक बिघडतो आणि तो साबण थंड पाण्यातही विरघळतो. खोबरेल तेलाच्या साबणाची शेपटी मुख्यतः बारा कार्बनांची, आखूड. त्याला खाऱ्या पाण्यातसुद्धा फेस येतो, आणि जहाजांवर समुद्राच्या पाण्याने अंघोळ करायची तेव्हा हाच साबण देत.

बोअरच्या दुष्फेन पाण्याची तक्रारही याच खात्यातली. पाण्यातला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, दोन डोकी एकदम धरून ठेवतो, आणि तयार होणाऱ्या कॅल्शियम साबणाला मायसेल बनवायला लागणारं तापमान बादलीच्या आवाक्याबाहेरचं असतं. बादलीच्या कडेला पांढरा चिकट थर बसतो तो याचाच. एसएलईएसमध्ये शेपटी आणि सल्फेटच्या मधे इथिलीन ऑक्साइडचे दोन-तीन घटक घातलेले असतात. ते स्फटिकाची घडी मोडतात, त्यामुळे त्याला थंडीही फारशी बाधत नाही आणि कॅल्शियमही.

भार नसलेल्या डोक्यांचं नेमकं उलट. त्यांना उष्णता बाधते. इथिलीन ऑक्साइडच्या साखळीभोवतीचं पाणी तापमान वाढलं की सुटत जातं, डोकं आक्रसतं, मायसेल वाढत आणि एकमेकांकडे ओढले जात शेवटी द्रावण दुधाळ होतं आणि दोन थरांत विभागतं. बारा कार्बनांच्या शेपटीवर पाच घटकांचं डोकं असेल तर हे साधारण ३१ अंशांना होतं, सहा घटकांना ५० च्या आसपास, आठ घटकांना ७५ च्या पुढे. थंड केलं की द्रावण पुन्हा स्वच्छ. तापवल्यावर विरघळण्याऐवजी वेगळा होणारा पदार्थ म्हणून हे विचित्र वाटतं, पण मूळ कारण तेच आहे: डोक्याला लागणारी जागा पाण्यावर अवलंबून असते, आणि पाण्याची पकड तापमानावर.

शेपटीची एक गोष्ट राहिली: ती सरळ आहे की फाटे फुटलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत जी डिटर्जंट पावडर पसरली तिच्यातला मुख्य पदार्थ प्रोपिलीनचे चार रेणू जोडून केलेल्या शेपटीचा होता. स्वस्त आणि कामाला चोख, पण शेपटीला जागोजागी फाटे. पाण्यातले जिवाणू अशी साखळी टोकाकडून दोन-दोन कार्बन तोडत खातात; फाटा आला की त्यांचं काम अडतं. १९५० च्या दशकात तिकडच्या नद्यांवर आणि सांडपाण्याच्या केंद्रांवर फेसाचे डोंगर उभे राहिले, काही ठिकाणी नळातून फेसाळ पाणी आलं. पश्चिम जर्मनीत १९६४ पासून कायद्याने आणि अमेरिकेत १९६५ मध्ये उद्योगाच्या निर्णयाने सरळ शेपटीचा लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनेट आला. आपल्याकडचे पावडर बनवणारे ज्याला अ‍ॅसिड स्लरी म्हणतात ती या पदार्थाचीच आम्लरूपातली दाट, तपकिरी आवृत्ती. सोड्याबरोबर कालवली की पावडरीतलं डिटर्जंट तयार होतं.

डोकं आणि शेपटीचं हे गणित सगळीकडे चालतं असं मात्र समजू नये. रिठ्याच्या टरफलातलं सॅपोनिन घ्या. रेशमी साडी धुवायला आणि सोनं उजळायला अजूनही रिठेच भिजत घालणारी घरं आहेत, आणि फेस तर भरपूर येतो. पण त्या रेणूला वळवळणारी शेपटीच नाही. पाच कडी एकमेकांना जोडलेला एक ताठ सांगाडा आणि त्याला लटकलेल्या साखरेच्या साखळ्या, अशी त्याची बांधणी. ताणलेली लांबी कशाची मोजायची हाच प्रश्न पडतो. आपल्या पित्तातले क्षार त्याच्या पुढचे: सपाट सांगाडा, एका पृष्ठावर पाण्याची आवड, दुसऱ्यावर तेलाची, डोकं आणि शेपटी असा भेदच नाही. त्यांचे पुंजके चार-सहा रेणूंचे, उंबरठा ठळक नसलेला, हळूहळू वाढत जाणारे. एकटे असताना ते फारसं काही बनवत नाहीत. पण पित्तातच असलेल्या दोन शेपट्यांच्या लेसिथिनमध्ये मिसळले की त्याच्या पापुद्र्यांचे लहान तुकडे करून कडा झाकून घेतात, आणि जेवणातली चरबी पचल्यावर जे काही सुटतं ते आतड्याच्या भिंतीपर्यंत या मिश्र मायसेलांतून जातं.